विश्लेषण : भिंत एका प्रकरणात, स्लॅब दुसऱ्या, मग गळती कोणाच्या खात्यात?

बाथरूमच्या मागच्या भिंतीवर ओल दिसली की फ्लॅटधारक बिल्डरला फोन करतो. बिल्डर प्लंबर पाठवतो. प्लंबर सांगतो, पाइपलाइन ठीक आहे, फरशीवाल्याला बोलवा. फरशीवाला वॉटरप्रूफिंगवाल्याकडे बोट दाखवतो. वॉटरप्रूफिंगवाला म्हणतो, आमचा थर शाबूत होता, प्लंबरने नंतर छिन्नी मारली. बेसा, मनीषनगर, बेलतरोडीपासून वाडीपर्यंत नागपूरच्या नव्या वस्त्यांत दर पावसाळ्यात हा खेळ चालतो. सरकारी इमारतींतही तो चालतो, तिथे फक्त पत्रव्यवहार जास्त असतो.

याला कामचुकारपणा म्हणून मोकळे होणे सोपे आहे. तो असतोच, पण तेवढेच नसते. बांधकाम कसे करायचे हे ज्या पुस्तकांत लिहिले आहे, त्या पुस्तकांची मांडणीच साहित्यानुसार आहे. माती वेगळी, काँक्रीट वेगळे, वीट वेगळी, दगड वेगळा, लाकूड वेगळे, गिलावा वेगळा. या पद्धतीचे फायदे मोठे आहेत. तिच्यात एक फटही आहे, आणि पाणी बहुतेक वेळा तिथूनच घरात येते.

कोणती ही पुस्तके?

सरकारी भाषेत त्यांना ‘विनिर्देश’ म्हणतात. साइटवर सगळे ‘स्पेसिफिकेशन’ किंवा नुसते ‘स्पेक’ म्हणतात. महाराष्ट्राच्या सार्वजनिक बांधकाम विभागाची ‘स्टँडर्ड स्पेसिफिकेशन्स’ ही जाडजूड पुस्तके ‘रेड बुक’ म्हणून ओळखली जातात. चाळीसहून अधिक वर्षांपूर्वीची ही पुस्तके आजही निविदांत उद्धृत होतात. इमारतीच्या कामांना त्यात इंग्रजी अक्षरे दिलेली आहेत. पायाचे खोदकाम ‘ए’मध्ये, साधे काँक्रीट ‘ई’मध्ये, आरसीसी आणि लोखंड ‘एफ’मध्ये, विटांचे बांधकाम ‘जी’मध्ये, दगडाचे ‘एच’मध्ये, गिलावा ‘एल’मध्ये.

विभागाच्या दरसूचीत (‘एसएसआर’) प्रत्येक बाबीपुढे हा संदर्भ छापलेला असतो. पायाच्या खोदकामापुढे ‘बीडी-ए-१, पान २५९’, तर पायाखालच्या काँक्रीटपुढे ‘बीडी-ई-१, पान २८७’. दर एका पुस्तकात आणि तो दर घेण्यासाठी काम कसे करायचे ते दुसऱ्या पुस्तकात, अशी ही जोडी आहे. कनिष्ठ अभियंत्याला ही पाने तोंडपाठ असतात. ज्याच्या गल्लीत किंवा गावात काम चालू आहे, त्या नागरिकाला मात्र असे पुस्तक असते हेच माहीत नसते.

केंद्राच्या इमारतींसाठी केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाची (सीपीडब्ल्यूडी) स्वतंत्र पुस्तके आहेत. हा विभाग १८५४ पासूनचा. त्याच्या विनिर्देशांची २०१९ ची आवृत्ती दोन खंडांत आहे. तिथे अक्षरांऐवजी आकडे आहेत. २ म्हणजे मातीकाम, ३ मसाला (म्हणजे मॉर्टर), ४ काँक्रीट, ५ आरसीसी, ६ वीटकाम, ७ दगडकाम, ९ लाकूड आणि पीव्हीसी, १० स्टील. दरसूचीचे क्रमांकही त्याच आकड्यांनी सुरू होतात. ‘५.२२.६’ असे दिसले की जाणकाराला कळते, बाब आरसीसीतल्या टीएमटी सळईची आहे.

रस्त्यांसाठी केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाचे ‘ऑरेंज बुक’ आहे. त्यात ३०० मालिका मातीकामाची, ५०० डांबराची, ६०० सिमेंट काँक्रीटच्या फरसबंदीची. लाल काय, नारिंगी काय, विभागणी साहित्यावर किंवा साहित्याशी जोडलेल्या कारागिरीवरच आहे.

साहित्यानुसारच का?

पहिले कारण, बांधकाम माणसांच्या टोळ्या करतात आणि टोळ्या साहित्यानुसार येतात. गवंडी वीट लावतो, सेंट्रिंगवाला फळ्या ठोकतो, लोखंड बांधणारा सळई वाकवतो, छपाईवाला गिलावा करतो, फरशीवाला सगळ्यांत शेवटी येतो. प्रत्येकाला आपापले प्रकरण दिले की झाले.

दुसरे कारण मोजमापाचे. काँक्रीट घनमीटरने मोजले जाते, गिलावा चौरस मीटरने, सळई टनाने आणि पाइप धावत्या मीटरने. एकाच भिंतीत ही चारही मापे येतात. त्यामुळे भिंतीचा एक दर काढण्यापेक्षा प्रत्येक साहित्याचा वेगळा दर काढणे सोपे पडते आणि लबाडी पकडणेही सोपे जाते. प्रमाणित आकाराची वीट १० मिलिमीटरच्या सांध्यासह लावली, तर एका घनमीटरला ५०० विटा लागतात. बिलात १० घनमीटर वीटकाम असेल आणि साइटवर विटांची एकच ट्रॉली आली असेल, तर हिशेब कुठे फसला ते सांगायला अभियंता लागत नाही.

तिसरे कारण चाचणीचे, आणि सर्वांत महत्त्वाचे हेच. चाचणी इमारतीची होत नाही, साहित्याची होते. मातीच्या विटेला आयएस १०७७ लागू होते, सळईला आयएस १७८६, गिट्टी-रेतीला आयएस ३८३. काँक्रीटसाठी आयएस ४५६ सांगते की एक ते पाच घनमीटर कामाला एक नमुना घ्या, सहा ते पंधराला दोन, सोळा ते तीसला तीन. एका नमुन्यात १५० मिलिमीटरचे तीन ठोकळे भरायचे आणि २८ दिवसांनी दाबून फोडायचे. विटेची एक परीक्षा तर कोणालाही करून पाहता येते. कोरडी वीट वजन करा, २४ तास पाण्यात बुडवा, पुन्हा वजन करा. घरबांधणीत नेहमी वापरल्या जाणाऱ्या वर्गाच्या विटेने स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी पिता कामा नये. तीन किलोची वीट ६०० ग्रॅमपेक्षा जास्त पाणी प्यायली, तर ती नापास. प्रयोगशाळेत वीट भट्टीत पूर्ण सुकवून घेतात, घरी तेवढे जमत नाही. पण अंदाज येतो.

म्हणजे साहित्यवार मांडणी ही सामान्य माणसाच्या सोयीचीच आहे, त्याने ती वापरली तर. ‘इमारत चांगली आहे का’ या प्रश्नाला उत्तर नसते. ‘या विटेने किती पाणी प्यायले’ या प्रश्नाला असते.

गिट्टी कोणत्या दगडाची?

दरसूचीतल्या काँक्रीटच्या बाबीत एक शब्दांची माळ नेहमी येते : ट्रॅप, ग्रॅनाइट, क्वार्टझाइट, नीस. मुंबई-पुण्याच्या वाचकाला यातला पहिला शब्द पुरेसा आहे, कारण तिथे खणले की काळा बेसाल्ट, म्हणजे ट्रॅपच लागतो. नागपुरात ही अख्खी माळ कामाची आहे. दख्खनच्या ट्रॅपची पूर्व सीमा या शहराजवळ संपते. सीताबर्डीची टेकडी आणि शहराचा पश्चिम भाग काळ्या दगडावर आहे. पूर्वेकडे गेले की त्याहून कितीतरी जुना नीस सुरू होतो. एकाच शहरात दोन बाजूंना खडक वेगळा, वरची माती वेगळी, म्हणून पायाही वेगळा. पश्चिमेकडे आणि आसपासच्या तालुक्यांत काळी कपाशीची माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्या मातीवर उथळ पाया घातला, तर वरच्या भिंतीची वीट कितीही उत्तम असली तरी भिंत तडकते. इथे चूक ‘ए’ प्रकरणातली असते आणि ती दिसते ‘एल’ प्रकरणात, गिलाव्यावर.

रेतीचेही तसेच. नागपूरकर वाळूला रेती म्हणतात, आणि चांगली रेती म्हणजे कन्हानची, नाहीतर भंडाऱ्याकडून वैनगंगेची, हे इथल्या मिस्त्रींचे ठरलेले मत. अंदाजपत्रकात प्रत्येक साहित्याचा ‘लीड’ दाखवावा लागतो, म्हणजे ते किती किलोमीटरवरून आणायचे आहे. आता नदीच्या रेतीवर निर्बंध आले, भाव चढले, आणि दगड दळून केलेली रेती, म्हणजे एम-सँड, बाजारात आली. आयएस ३८३ च्या २०१६ च्या आवृत्तीने तिला रीतसर जागा दिली. पण काँक्रीटला चालणारी रेती आणि गिलाव्याला चालणारी रेती एक नव्हे. गिलाव्याच्या रेतीचे मानक वेगळे, आयएस १५४२. साइटवर मात्र बहुतेक वेळा एकच ढीग असतो. पुस्तकात दोन प्रकरणे, जमिनीवर एक ढीग. गिलाव्यावर बारीक जाळीसारख्या भेगा पडतात, त्याची अनेक कारणे असतात. त्यात हे एक नेहमीचे.

राखेची वीट कुठे बसवायची?

नवे साहित्य आले की साहित्यवार पुस्तकाची कसोटी लागते. नागपूरच्या उत्तरेला कोराडी आणि खापरखेडा ही दोन औष्णिक वीज केंद्रे आहेत. त्यांच्या राखेचे करायचे काय, हा जुना प्रश्न आहे. केंद्राने १४ सप्टेंबर १९९९ च्या अधिसूचनेने वीज केंद्रापासून ५० किलोमीटरच्या आत बांधकामात राख वापरणे बंधनकारक केले. २००३ मध्ये ही हद्द १०० किलोमीटर झाली, २०१६ मध्ये ३००. म्हणजे सुरुवातीपासूनच जवळपास सगळे नागपूर या हद्दीत आहे. आज शहरात फ्लाय अॅशच्या करड्या विटेने लाल विटेला बऱ्याच ठिकाणी मागे सारले आहे.

तिला मानक मिळाले, आयएस १२८९४. दरसूचीत बाब मिळाली. पण वीटकामाचे मूळ प्रकरण लिहिले गेले ते भट्टीत भाजलेल्या, ‘सेकंड क्लास’ लाल विटेसाठी. दोन्ही विटा दिसायला सारख्या आयताकृती आणि लावायच्याही सारख्याच, म्हणून नवी वीट जुन्या प्रकरणात बसवली गेली. वागणुकीत त्या सारख्या नाहीत. लाल वीट खडबडीत असते, गिलावा तिला धरतो. राखेची वीट गुळगुळीत असते, तिच्यावर गिलावा धरण्यासाठी वेगळी काळजी लागते. त्यानंतर आलेल्या हलक्या एएसी ब्लॉकचे (आयएस २१८५, भाग ३) तर गणितच निराळे. तो सुकताना आकसतो, आणि शेजारचा काँक्रीटचा कॉलम तेवढा आकसत नाही. ब्लॉक आणि कॉलम यांच्या मध्ये उभी सरळ भेग येते. नागपुरातल्या कोणत्याही नव्या इमारतीत हॉलच्या कोपऱ्याजवळ ती शोधून पाहावी.

पाणी प्रकरणे वाचत नाही

ही भेग कोणाची? काँक्रीट ‘एफ’मधले, ते ठोकळ्याच्या चाचणीत पास. ब्लॉक त्याच्या मानकात पास. गिलाव्याची जाडी बरोबर. तिन्ही साहित्ये निर्दोष आणि भिंत मात्र तडकलेली. कारण दोष साहित्यात नाहीच, सांध्यात आहे.

इथे उपाय साधा आहे. दोन साहित्यांच्या सांध्यावर गिलाव्याआधी कोंबडी जाळी मारायची. पण ती स्वतंत्र बाब आहे. अंदाजपत्रक करताना ती घातली तर पैसे मिळतात, नाही घातली तर ना गवंडी मारतो ना छपाईवाला. गवंड्याच्या मते ती गिलाव्याची, छपाईवाल्याच्या मते बांधकामाची.

गच्चीवर हेच मोठ्या मापात घडते. काँक्रीट एका अंशाने तापले की मीटरमागे १० ते १२ मायक्रॉन वाढते; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. भाजलेल्या विटेची वाढ साधारण त्याच्या निम्मी. आता नागपूरचा मे महिना धरा. सावलीतला पारा ४५ च्या वर आणि उघडा स्लॅब त्याहून तापलेला. तापमानात ३० अंशांचा फरक धरला, तर १० मीटरचा स्लॅब तीन मिलिमीटरहून जास्त ताणतो आणि खालची विटांची भिंत दीड मिलिमीटरच्या आसपास. उरलेले दीड मिलिमीटर कुठे जाणार? स्लॅबच्या खाली, भिंतीच्या माथ्यावर आडवी भेग पडते. जूनमध्ये त्याच भेगेतून पाणी उतरते. पुण्या-नाशकाच्या तुलनेत विदर्भात हा त्रास जास्त होतो, यात नवल नाही.

खिडकीची चौकट आणि भिंत, पॅरापेट आणि स्लॅब, पाण्याचा पाइप आणि बाथरूमची फरशी, जुनी इमारत आणि तिला नंतर चिकटवलेली खोली. गळतीच्या बहुतेक तक्रारींचा पत्ता या चार-पाच जागांपैकी एक असतो, आणि यातली प्रत्येक जागा दोन प्रकरणांच्या सीमेवर आहे.

‘एटसेट्रा कम्प्लीट’

अभियंत्यांचा यावर ठरलेला प्रतिवाद असतो, आणि तो चुकीचा नाही. विनिर्देश हा एकटा कागद नसतो. नकाशा सांगतो काय कुठे आहे, विनिर्देश सांगतात कसे करायचे, निविदेतले ‘शेड्यूल बी’ सांगते किती करायचे आणि काय दराने. सांधा दाखवणे नकाशाचे काम. शिवाय दरसूचीतली जवळपास प्रत्येक बाब ज्या दोन शब्दांनी संपते, ते ‘एटसेट्रा कम्प्लीट’ म्हणजे लागेल ते सगळे धरूनच हा दर आहे.

कागदावर हे बरोबर आहे. व्यवहारात पैसा शेड्यूल बी मधल्या बाबींवरून वाहतो, नकाशावरून नाही. आणि ‘एटसेट्रा’त काय काय येते यावर कंत्राटदार आणि उपअभियंता यांचे एकमत झालेले कोणी फारसे पाहिलेले नाही. बांधकाम खात्यातले निम्मे वाद या दोन शब्दांच्या पोटात आहेत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरेल, पण फार मोठी नाही.

त्यात निविदेची पद्धत भर घालते. राज्यात ‘बी-१’ आणि ‘बी-२’ असे निविदेचे दोन नमुने रूढ आहेत. बी-२ मध्ये कंत्राटदार प्रत्येक बाबीचा दर भरतो. बी-१ मध्ये दर खात्याने आधीच छापलेले असतात. कंत्राटदार फक्त एक टक्केवारी टाकतो, इतके टक्के कमी किंवा जास्त. समजा त्याने २५ टक्के कमी टाकले. म्हणजे मातीकामही २५ टक्के कमी, काँक्रीटही, सळईही. सळईचा कारखाना २५ टक्के सूट देणार नाही, सिमेंटची कंपनीही नाही. मग ती सूट कुठून काढली जाते? जिथे चाचणी नाही तिथून. ठोकळा प्रयोगशाळेत जाणार, सळईचा तुकडाही जाणार. चौकटीभोवतीची फट कोणत्याच प्रयोगशाळेत जात नाही. फार कमी दराच्या निविदेला जादा सुरक्षा ठेव भरावी लागते, हा उपाय सरकारने केलेला आहे. पण ठेव म्हणजे काम नव्हे. साहित्यवार एवढा बारीक तपशील लिहायचा आणि शेवटी सगळ्यावर एकच टक्केवारी फिरवायची, हा विरोधाभास खात्याला खटकायला हवा.

सिमेंट रस्त्यांचा धडा, दोन्ही बाजूंनी

सांध्याला स्वतंत्र प्रकरण दिले तर काय होते, याचे उदाहरण नागपूरकरांच्या दारातच आहे. शहरात गेल्या दोन दशकांत सिमेंटचे रस्ते झाले. या रस्त्यांच्या नियमांत सांध्याला गौण मानलेले नाही. साधारण साडेचार मीटरवर आडवा काप घ्यायचा, काँक्रीट घट्ट होत असतानाच काही तासांत घ्यायचा, खोली जाडीच्या पाव ते तिसऱ्या हिश्शाइतकी ठेवायची, आणि नंतर त्यात सीलंट भरायचे. काँक्रीट तडकणार हे नियमाने आधीच मान्य केले आणि कुठे तडकायचे ते ठरवून दिले. म्हणून कापांच्या बाबतीत कंत्राटदार फारशी कुचराई करत नाही. बाब आहे, माप आहे, पैसे आहेत.

पण तोच रस्ता दोन्ही कडांना संपतो तिथे पुन्हा जुनी गोष्ट. रस्त्याची पातळी वाढली, शेजारच्या घराचे जोते खाली राहिले, आणि पावसाचे पाणी अंगणात शिरते ही तक्रार नागपूरच्या अनेक वस्त्यांतून वर्षानुवर्षे येत आहे. काँक्रीटची मजबुती ६०० मालिकेप्रमाणे चोख असू शकते. नाली वेगळ्या बाबीत, पेव्हर ब्लॉक वेगळ्या बाबीत, आणि घराचे जोते तर कोणत्याच बाबीत नाही. रस्ता चांगला झाला, गल्ली बिघडली.

जगात इतरत्र या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली. अमेरिकेत १९६३ मध्ये विनिर्देशांची १६ भागांची साहित्यवार चौकट आली; ‘मास्टरफॉरमॅट’ नावाने ती रुजली आणि २००४ मध्ये ५० भागांपर्यंत वाढवली गेली. काँक्रीट ३, चिनाई ४, धातू ५, लाकूड ६ हे क्रम तेव्हाही बदलले नाहीत. तिच्या शेजारी ‘युनिफॉरमॅट’ नावाची दुसरी चौकट आहे. तिच्यात इमारत घटकांनुसार लावलेली असते : पाया, सांगाडा, बाहेरची भिंत, छत. बाहेरची भिंत म्हटले की वीट, चौकट, सीलंट, गिलावा सगळे एका मथळ्याखाली येते, आणि ‘आत पाणी येता कामा नये’ अशी अट एका वाक्यात घालता येते. आपल्याकडच्या राष्ट्रीय इमारत संहितेतला संरचनेचा भागही लाकूड, चिनाई, काँक्रीट, पोलाद असाच विभागलेला आहे. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला आरसीसीचा पेपर वेगळा आणि स्टीलचा वेगळा. सांध्याचा पेपर कुठेच नसतो.

लाल पुस्तक टाकून द्यावे असे कोणी म्हणणार नाही. साहित्यवार प्रकरणे गेली तर चाचणी गेली, आणि चाचणी गेली तर कंत्राटदाराला मोकळे रान. हवे आहे ते एक जास्तीचे प्रकरण. निविदा काढण्यापूर्वी अभियंत्याने त्या इमारतीतल्या सगळ्या सांध्यांची यादी करावी, प्रत्येकाला माप आणि दर द्यावा, आणि गच्ची व बाथरूममध्ये पाणी तुंबवून पाहण्याची चाचणी झाल्याशिवाय त्या बाबीचे बिल निघू नये. यासाठी कायदा बदलावा लागत नाही. शाळेच्या दोन खोल्यांच्या कामाला ही यादी दोन पानांत मावेल. आणि ती मराठीत असावी, कारण ती शाळा व्यवस्थापन समितीने वाचायची आहे.

तोपर्यंत फ्लॅटधारक आणि नागरिक काय करू शकतात?

खासगी फ्लॅटसाठी महारेराच्या आदर्श करारनाम्यात ‘परिशिष्ट ई’ असते. त्यात फ्लॅटची स्पेसिफिकेशन आणि सुविधा लिहायच्या असतात. करारातले संबंधित कलम फरशी, सॅनिटरी वस्तू, लिफ्ट अशा दिसणाऱ्या गोष्टींची नावे घेते आणि ब्रँड, किंवा ब्रँड नसेल तर किमतीचा पल्ला द्यायला सांगते. प्रत्यक्षात बिल्डर काय लिहितात ते सर्वांना माहीत आहे : ‘नामांकित कंपनीच्या व्हिट्रिफाइड टाइल्स’, ‘उत्तम दर्जाचे नळ’, ‘आयएसआय मार्क वायरिंग’. भिंत कशाची, याचा पत्ता नाही. वॉटरप्रूफिंग विटकोब्याचे की रासायनिक थराचे, याचा नाही. नळाची कंपनी नंतर बदलता येते, भिंत बदलता येत नाही, आणि करारात नेमकी नळाचीच चौकशी असते.

सही करण्यापूर्वी या परिशिष्टात काही ओळी जोडून मागता येतात. भिंतीचे साहित्य आणि त्याचा आयएस क्रमांक. काँक्रीटचा ग्रेड, एम-२० की एम-२५ की आणखी काही. ब्लॉक आणि कॉलमच्या सांध्यावर जाळी आहे का. बाथरूम आणि गच्चीचे वॉटरप्रूफिंग कोणत्या पद्धतीचे, आणि पाणी तुंबवून चाचणी कोणत्या तारखेला झाली. ‘किंवा समतुल्य’ हे शब्द असतील, तर समतुल्य कोण ठरवणार. बिल्डर नकार देऊ शकतो. पण दहा ग्राहकांनी विचारले तर अकराव्याला छापील उत्तर मिळते.

ताबा घेतल्यानंतर रेरा कायद्याच्या कलम १४(३) चा आधार आहे. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत संरचनेतला किंवा कामाच्या दर्जातला दोष दाखवून दिला, तर विकासकाने तो ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. या कलमाचे सौंदर्य असे की ते साहित्य विचारत नाही. दोष प्लंबरचा की फरशीवाल्याचा, हे शोधणे विकासकाचे काम. फ्लॅटधारकाने फक्त ओल दाखवायची. तक्रार लेखी करावी, तारखेसह फोटो जोडावेत. सुपरवायझरच्या व्हॉट्सअॅपवर ‘सर, उद्या माणूस पाठवतो’ असे उत्तर आले की फ्लॅटधारक निर्धास्त होतो आणि वर्ष निघून जाते.

सरकारी कामासाठी माहिती अधिकार कायदा, २००५ आहे. त्याच्या कलम २(जे) मधला एक भाग फारच कमी लोक वापरतात. कागदांच्या प्रती मागण्याच्या अधिकारासोबत तिथे कामाची प्रत्यक्ष पाहणी करण्याचा आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही अधिकार दिलेला आहे. गावातल्या शाळेच्या भिंतीची वीट, गल्लीतल्या नालीचे काँक्रीट, अंगणवाडीच्या कामावर पडलेली रेती, यांचे नमुने नागरिक रीतसर मागू शकतो. अर्जात कामाचे नाव, शेड्यूल बी, मोजमाप पुस्तिका आणि चाचणी अहवाल एवढे मागितले, तरी कोणत्या साहित्याचे बिल निघाले आणि कोणत्या साहित्याची चाचणी झाली, हे शेजारी शेजारी ठेवून पाहता येते. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे.